पांढरा झगा

शिंपीण झग्याच्या गळ्याला लेस लावत होती, तेवढ्यात आजी दुकानात शिरली आणि म्हणाली, "थांबव गं. झगा नको आता."

आठवड्यापूर्वी हीच आजी नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी पांढरं कापड घेऊन आली होती आणि लेस दोन बोटं अरुंद आहे म्हणून अर्धा तास हुज्जत घालून गेली होती. आज तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. शिंपिणीनं मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"बाळ गेलं," आजी म्हणाली. "रात्री दूध प्यायलं, पहाटे उठलंच नाही. चार वाजता पुरायचंय. एखादं रंगीत झबलं असेल तर दे. निळं, पिवळं, काहीही."

शिंपिणीचा नवरा कोपऱ्यात इस्त्री करत होता. त्यानं आजीपुढे स्टूल सरकवलं आणि म्हणाला, "देवाची मर्जी, आजी. आपण काय करणार?"

"मर्जी मला माहीत आहे. पोर कुठं गेलं ते सांग."

एरवी त्याच्या जिभेला हाड नसे, पण आता तो बायकोकडे बघायला लागला.

"रंगीत कशाला?" शिंपिणीनं विचारलं. "हा तासाभरात होईल."

"पांढरा झगा बाप्तिस्मा झालेल्याला घालतात. ह्याचा रविवारी व्हायचा होता. डोक्यावर पाणी पडायच्या आधीच गेला, म्हणजे देवाच्या दारी त्याला कोण ओळखणार? सून ऐकत नाही. पांढराच हवा म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलीय. पण जे झालंच नाही ते झालं असं कसं दाखवू मी?"

शिंपीण तीन वर्षं दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून चर्चमधल्या ईशज्ञानाच्या वर्गाला जात होती. गल्लीत तिला 'पाद्रीणबाई' म्हणत. काज-बटणं करणाऱ्या बाईला देवाबद्दल एवढं खोलात शिरायचं काय नडलंय, असं गिऱ्हाइकं तोंडावर विचारत, आणि नवरा म्हणे, आमची ही सुतानं स्वर्ग गाठायला निघालीय. तीही हसून सोडून देई. गेल्या वर्षी ह्याच एका प्रश्नावर तिनं वर्गात लागोपाठ चार शनिवार वाद घातला होता. शेवटी शिकवणाऱ्या फादरांनी हात जोडले, पण उत्तर मिळेपर्यंत ती हलली नव्हती. आज तिला शब्द शोधावे लागले नाहीत.

"आजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगायचे. आई सांगायची, सासू सांगायची."

"सांगायचे, खरंय. पण अशा बाळाला देव दूर ठेवतो, हे मानलंच पाहिजे असं चर्चनं कधीच ठरवलेलं नाही. मी खोदून खोदून विचारलंय. बाप्तिस्मा घ्या, ही आज्ञा आपल्याला आहे. त्यानं देवाचे हात बांधले जात नाहीत. पाणी पडलं नाही म्हणून त्याला लेकरू उचलून घेता येत नाही, असं म्हणणारे आपण कोण?"

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस तू."

"नुसतं बरं वाटावं म्हणून बोलायचं असतं तर ह्यांच्यासारखं बोलले असते." नवऱ्यानं निमूट मान खाली घातली. "तिकडचं मी काही डोळ्यांनी बघून आलेले नाही, आजी. पण बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाच्या दफनाची प्रार्थना आपल्याकडे छापलेली आहे. त्याला देवाच्या हवाली करायची प्रार्थना. ज्याची आशाच नाही त्याच्यासाठी कुणी प्रार्थना लिहील का? हवं तर आत्ता फादरांना फोन लावते. तुम्ही स्वतः विचारा."

तिनं फोन उचलला. आजीनं तिचं मनगट धरलं आणि मशीनवरच्या झग्याकडे बघत राहिली.

"मग त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर नाही पुरायचं?"

"कुंपणाबाहेर कशाला? सगळ्यांबरोबर आत."

"माझा थोरला बाहेर आहे," आजी म्हणाली. "गवतात. जन्मला आणि तासाभरात गेला. बेचाळीस वर्षं झाली. त्याच्यासाठी कधी मेणबत्तीसुद्धा लावली नाही मी. लावायची नसते म्हणाले."

नवऱ्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं. शिंपिणीचे डोळे भरून आले, पण आवाज जराही हलला नाही.

"त्यालाही हेच लागू, आजी. तेव्हाही देव हाच होता."

आजीनं तिचं मनगट सोडलं. "पुरा कर हा. पांढराच. सुनेला मी सांगते."

शिंपिणीनं मशीन सुरू केलं. गळ्याची लेस संपवून तिनं दोरा तोडला आणि विचारलं, "थोरल्याचं नाव काय होतं?"

"बाप्तिस्माच नाही, तर नाव कुठलं?"

"मनात ठरवलं असेल की तुम्ही."

आजी उठून उभी राहिली. आधी नुसते ओठ हलले. मग तिनं ते नाव घेतलं, इतक्या मोठ्यानं, की रस्त्यानं चाललेला एक माणूस कुणाला हाक मारली म्हणून थबकून आत बघायला लागला.