घंटेसारखी वस्तू

“वस्तू चालू स्थितीत परत मिळाली, असं लिहून द्यावं लागतं,” मुद्देमाल कारकून म्हणाला. “त्याआधी ती चालवून बघावी लागते. नियम आहे.”

समोरच्या म्हाताऱ्याने मान डोलावली. चाळीस वर्षं तो चर्चची घंटा वाजवत आला होता. दोन्ही तळहातांवर दोर घासल्याचे वळ होते, आता पांढरे पडलेले.

पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत दुपारचं ऊन तिरकं उतरलं होतं आणि त्यात धूळ पोहत होती. बेवारस सायकली, शिलाई मशीन, तीन वेगवेगळ्या वेळा दाखवणारी तीन घड्याळं. मधोमध तुळईला साखळीने टांगलेली, जमिनीपासून वीतभर वर, चर्चची घंटा. तिला चिठ्ठी बांधलेली होती : ‘पिवळ्या धातूची घंटेसारखी वस्तू, एक.’ शेजारी भिंतीला टेकवलेला, ‘फलक, एक, मजकुरासह.’ मजकूर होता, ‘न्याय द्या.’ चर्चची माणसं दर सोमवारी तो फलक घेऊन ठाण्याच्या फाटकाशी मुकाट उभी राहायची. एका सोमवारी त्या मुकाटपणाने शांतता भंगली, म्हणून तो जप्त झाला.

कारकून कामाला चोख. रेडिओ असेल तर लावून बघायचा, मशीन असेल तर चार टाके घालून. एकदा एकाची कवळी परत द्यायची होती, तेव्हा तेवढा त्याने नियम शिथिल केला होता. पण घंटा आल्यापासून, म्हणजे गेले पाच महिने, त्याच्या कानात एक बारीक गुणगुण बसली होती. जेवताना, दाढी करताना घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं आणि तळाशी काहीतरी हलत असायचं. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत.

प्रकरण तसं सरळ होतं. रविवारी प्रार्थना चालू असताना पन्नास-साठ माणसं काठ्या घेऊन चर्चमध्ये शिरली. बाकं मोडली, माणसं बडवली. म्हातारा मनोऱ्यात चढला आणि अर्धा तास दोर ओढत राहिला. वरून त्याने सात जणांना ओळखलं. रस्त्यापलीकडे बारा घरं. एकाचंही दार उघडलं नाही. म्हाताऱ्याची धाकटी बहीण खाली बाकांमध्ये सापडली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली. पोलिसांना काठ्या मिळाल्या नाहीत. घंटा मिळाली, म्हणून घंटा जप्त झाली.

फायलीत अकरा घरांचे जबाब होते. कोणीच काही ऐकलं नव्हतं. कोणी झोपलं होतं, कोणाचा मिक्सर चालू होता, निवृत्त मास्तरांचे कान सर्दीने बसले होते. बाराव्या घरात ठाण्यातलाच माणूस राहत होता. घरच्याच माणसाला काय विचारायचं?

“आजोबा, साधी गोष्ट आहे,” साहेबांनी सकाळी समजावलं होतं. “घंटा वाजली असती तर लोक धावत आले असते. आले नाहीत. म्हणजे वाजली नाही. आणि घंटाच वाजली नाही, तर तुम्ही वर होता कशावरून? सात माणसं पाहिली कुठून?”

पाच वाजता फाइल बंद होणार होती. त्याआधी म्हाताऱ्याने आपली वस्तू घेऊन जायची होती.

“वाजवा,” कारकून म्हणाला.

म्हाताऱ्याने हात मागे घेतले.

“मी वाजवून पाहिली आहे. आता तुम्ही वाजवा.”

कारकुनाने खाली वाकून लोलक धरला. गार होता. त्याने तो मागे ओढला आणि सोडला.

आधी धूळ हलली. मग उन्हाचा तिरका पट्टा थरथरला, सायकलींच्या तारा हलकेच गुणगुणल्या, आणि आवाज भिंतींना न विचारता त्यांच्यातून पलीकडे निघून गेला. कारकुनाला वाटलं, खोलीतलं पाणी ओसरतंय. कानातली गुणगुण थांबली होती. नियमाला एक टोला पुरेसा होता. त्याने दुसरा दिला, तिसरा दिला, आणि मग तो मोजायचं विसरला. म्हातारा डोळे मिटून उभा होता. तळहात उघडे होते, त्यांत कोणी काही ठेवणार असल्यासारखे.

कारकून थांबला तेव्हा खिडकीबाहेर माणसं होती. दोन गल्ल्या ओलांडून धावत आली होती. बेकरीवाला पिठाच्या हातांनी. शिंपीणबाई एका पायात चप्पल घालून. मास्तर अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन.

“काय झालं? घंटा का वाजली?”

कारकुनाने सवयीने माणसं मोजली. अकरा घरांची होती. एकही घर मागे राहिलं नव्हतं. साहेब चहाचा कप घेऊन दारात आले आणि जमलेल्या लोकांकडे बघत राहिले. चहावर साय धरली. लोकांनाही हळूहळू कळायला लागलं, आपण कुठे येऊन उभे आहोत ते. आता परत कसं फिरावं, हे कोणाला कळेना.

“सर्दी बरी झाली वाटतं, मास्तर,” म्हातारा म्हणाला.

मास्तरांनी गालावरचा फेस पुसला.

कारकून टेबलाशी गेला. जबाबाचा कोरा कागद पुढे ओढला, वरच्या कोपऱ्यात ‘बारा’ असा आकडा घातला. नाव लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. घरून होता.

“अहो, घंटा वाजतेय,” बायको म्हणाली. “आज तरी मला कडी काढू द्याल?”