अकराने भाग जाणारी इंदुमती

चंद्रावरच्या आगमन कक्षात सदानंद पेडणेकर बायकोची वाट पाहत उभे होते. ते स्वतः नुकतेच पृथ्वीवरून आले होते. म्हणजे तिथे त्यांच्या शरीरा-मनाची मिळून एक अवाढव्य पूर्णसंख्या झाली, ती इकडे पाठवली गेली आणि तिच्यावरून ते इथे पुन्हा घडले. मागोमाग निघालेल्या इंदुमतीबाई मात्र अजून आल्या नव्हत्या.

"सौरवादळात त्यांच्या संख्येतला एक अंक पुसला गेलाय," कक्षप्रमुख रेहाना मुजावर म्हणाल्या.

सदानंद पुढे सरसावले. "मग परत मागवा ना!"

"पाठवलेली संख्या तिकडे ठेवत नाहीत, काका. पण घाबरू नका. प्रत्येक प्रवाशाच्या संख्येला शेवटी दोन अंक जोडून तिला अकराने पूर्ण भाग जाईल असं केलेलं असतं. शून्य ते नऊपैकी एकच अंक असा असतो, जो रिकाम्या जागी बसवला की तसा भाग जातो. तो आम्ही बसवलाय."

दार उघडलं. इंदुमतीबाई पदर सावरत बाहेर आल्या. तरी सदानंदांची खात्री पटेना.

"आपलं पहिलं भांडण कशावरून झालं होतं गं?" त्यांनी विचारलं.

"कशावरून म्हणजे? लग्नाला महिना झाला नव्हता आणि तुम्ही मला न विचारता चार मित्रांना जेवायला घेऊन आलात! वर म्हणालात, आमटी पातळ झालीये. आणि तुमच्या आईसमोर..."

इंदुमतीबाई थांबेचनात. सदानंद त्यांची पिशवी घेऊन शेजारून चालत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या चुका मन भरून ऐकत होते.