चौघांचं टेबल

राजाबाई हॉटेलच्या दारातच थबकली. रविवारची दुपार, अख्खा उस्मानपुरा जेवायला तिथंच लोटला होता. तिच्यामागं कडूबा, डोक्याला धुतलेला फेटा, हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. लेकीनं, प्रांजलीनं, फोनवर दोनदा बजावलं होतं. ती आणि तिनं पसंत केलेला देवेश चितेगावच्या कंपनीतून सुटले की सव्वा वाजेपर्यंत पोचतील. देवेशचे आईवडील आधी आलेले असले तर त्यांच्यापाशी बसायचं. आणि आईनं जास्त बोलायचं नाही.

त्या दोघांचा फोटोही पाठवला होता तिनं, पण कडूबाचा फोन बटनांचा. त्यात फोटो कुठून उघडणार?

कोपऱ्यातल्या टेबलावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं बसलं होतं. त्यातल्या गृहस्थांनी हात वर केला. राजाबाईचा जीव भांड्यात पडला. वय जरा जास्त वाटलं, पण शहरातली माणसं लग्नं उशिरानं करतात, असं तिनं मनाला समजावलं. ती लगबगीनं पुढं झाली. आपण प्रांजलीचे आईबाप, गंगापूरकडून आलोत, असं तिनं हात जोडून सांगितलं.

बाई जरा गोंधळल्या. मग हसून म्हणाल्या, "या की, बसा. चौघांचं टेबल आहे."

न बोलायचं ठरवून आलेली राजाबाई पाणी पिऊन होईपर्यंत गप्प होती. पुढं तिला राहवेना. प्रांजली पहिल्यापासून अभ्यासात कशी होती, मेंढरांमागं रानोमाळ फिरताना झाडाखाली बसून कशी वाचायची, आता कंपनीच्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून कशी उभी राहते, सगळं ती सांगत सुटली. कडूबानं टेबलाखालून पाय दाबला, तरी थांबली नाही. लपवाछपवी करून लेक द्यायची नाही, असं तिचं ठरलेलं होतं. बाई मन लावून ऐकत होत्या, मधेमधे विचारत होत्या. गृहस्थांनी थालीपिठाचा तुकडा मोडता मोडता कडूबाला सांगून टाकलं की एवढी शिकलेली मुलगी आहे, हुंडा मागणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका. नवऱ्या मुलाचा बापच असं बोलतो म्हटल्यावर कडूबाचा ऊर भरून आला. त्यानं बसल्या बसल्याच हात जोडले.

तेव्हा राजाबाईनं धीर केला. डब्याचं झाकण उघडलं आणि घरून निघाल्यापासून जे ओठांवर होतं ते विचारलं.

"आमच्या हातचं चालतं का तुमाला?"

"न चालायला काय झालं?" बाईंनी एक लाडू खाल्ला, दुसरा नवऱ्याच्या ताटात ठेवला आणि तिसराही उचलला.

राजाबाईनं पदरानं डोळे टिपले. सोयरीक जमली होती.

तेवढ्यात प्रांजली आली. बरोबर देवेश होता आणि त्याच्यामागं पन्नाशीचं एक जोडपं. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून दोघं उन्हात दोन चकरा मारून आलेले. त्या नव्या बाईंच्या कपाळावर आठी होती.

"आई, इथं कुठं बसलीस?" प्रांजली म्हणाली. "हे देवेशचे आई-बाबा. विश्वजितकाका, नीरजाकाकू."

राजाबाईनं नीरजाकडं पाहिलं, मग समोरच्या बाईंकडं. कानशिलं तापली. कडूबा खुर्ची सरकवून उभा राहिला आणि तसाच राहिला. ज्यांना सांगायचं त्यांच्यासाठी जपून आणलेलं सगळं बोलणं भलत्याच माणसांपुढं सांडलं होतं. नीरजाच्या तोंडावर हसू होतं, पण पाहुण्याला दारातूनच निरोप देताना असतं तसं.

"मी समदं यांनाच सांगून बसले," राजाबाई कशीबशी म्हणाली.

देवेश आईकडं पाहत होता.

मग पांढऱ्या केसांच्या बाईच बोलल्या. आपण भानुमती, मागच्याच गल्लीत राहतो, हे आपले यजमान केशवराव, यांनी हात वर केला होता तो वेटरला बोलवायला. आपल्यालाही काही कळलं नव्हतं, पण बोलणं इतकं गोड चाललं होतं की अडवावंसं वाटलं नाही. एवढं सांगून त्यांनी नीरजाकडं मोर्चा वळवला.

"तुमची निम्मी चौकशी मी करून ठेवली आहे. मुलगी हुशार आहे. आईच्या पोटात एक आणि ओठात एक असं नाही. घाई नाही, तुम्ही सावकाश ठरवा. पण जमणार नसेल तर मला लगेच सांगा. माझा नातू पुण्यात आहे, लग्नाचाच आहे."

प्रांजली लाजून जमिनीकडं पाहू लागली. देवेशचा चेहरा मात्र असा पडला, की आधी केशवराव हसले, मग विश्वजित. नीरजानं लेकाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. कपाळावरची आठी हळूहळू सुटली. तिनं खांद्यावरची पर्स काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली.

"नातवाला थोडं थांबायला सांगा, काकू," ती म्हणाली आणि राजाबाईच्या शेजारी बसली.

भानुमतीबाई उठायला निघाल्या. राजाबाईनं त्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. शेवटी वेटरनं दुसरं टेबल ओढून आणून पहिल्याला जोडलं. दोन्हींची उंची सारखी नव्हती. हात टेकला की नवीन टेबल हले आणि ग्लासांतलं पाणी हिंदकळे. कडूबा खाली वाकला. कागदी रुमालाची घडी केली, ती पुरेना म्हणून आणखी एक केली आणि दोन्ही टेबलाच्या पायाखाली सरकवल्या. मग वर येऊन त्यानं दोन्ही पंजे टेबलावर रोवले, जोर देऊन पाहिलं.

"आता नाय डुगडुगत," तो म्हणाला.