गिअरचीच गाडी

"लालच घेऊ," नरहर वकील म्हणाले. "आभा म्हणते ते बरोबर आहे."

त्यांच्या पत्नी शोभाताई पांढऱ्या गाडीकडे वळल्या. आर्णीहून एसटीनं येताना रस्ताभर हाच विषय झाला होता आणि त्यांना आता बोलायचाही कंटाळा आला होता.

पूनमसिंगच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्ही लहान, दोन्ही वापरलेल्या. पांढरी गिअरची, लाल ऑटोमॅटिक. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कापूस असा काही खाल्ला होता की लोकांनी उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला. महागावातल्या आपल्या कृषी केंद्रात पूनमसिंग माश्या मारत बसायचा. दोन गाड्या दारात ठेवायची ऐट आता परवडत नव्हती, म्हणून गिऱ्हाइकाला आवडेल ती द्यायची असं त्यानं ठरवलं होतं.

वकिलांचं तरी काय वेगळं होतं! पक्षकार तारखेला येईनासे झाले होते. पण आर्णी, दारव्हा, यवतमाळ ही कोर्टं काही चुकत नव्हती आणि जुन्या गाडीचं इंजिन दिवाळीतच बसलं होतं. आता जी घेतील ती घरातली एकुलती एक गाडी.

आभा त्यांची मुलगी, नागपूरला असते. नुकतीच बाळंतीण झालेली. तिचा रोज फोन यायचा. "ऑटोमॅटिक घ्या, म्हणजे बाबांची काळजी मिटली. मग आई, तू दोन वर्षं माझ्याकडे ये. मला सुट्टी संपल्यावर कामावर जायचंय."

यात वाईट काहीच नव्हतं. म्हणून तर शोभाताईंना नाही म्हणता येत नव्हतं.

रुक्माबाईंनी, म्हणजे पूनमसिंगच्या बायकोनं, संत्री आणून ठेवली. नरहर वकील डावा हात कोटाच्या खिशात घालून, कोर्टात उभं राहावं तसे ऐटीत उभे होते. शोभाताईंनी संत्रं सोललं, फोडी सुट्या केल्या, बिया काढल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी एकेक उचलून खाल्ली. आभार नाही की काही नाही. बायकोला राबवून घेण्यात आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांचा हात कोण धरणार!

"लय लाडाचे दिसतात सायेब," रुक्माबाई हसून म्हणाल्या.

"हो ना. तीन वर्षं झाली, यांना सोडून मला कुठे जाता आलं नाही."

"म्हणूनच म्हणतो, लाल घेऊ," नरहर वकील म्हणाले. "सुटशील एकदाची."

हा माणूस इतक्या सहज बोलतो कसा, याचा शोभाताईंना राग आला आणि रडूही आलं. परक्याच्या अंगणात दोन्ही गिळावं लागलं.

पूनमसिंगनं लाल गाडीची किल्ली पुढे केली. "चालवून पाहा न, वकीलसायेब."

"तुम्हीच चालवा. मी मागे बसून आवाज ऐकतो."

शोभाताई पुढे बसल्या. मागं बसलं की मळमळतं म्हणाल्या. लाल गाडी पुसदच्या रस्त्यानं लोण्यासारखी गेली. ना धक्का, ना खटका. शोभाताईंना मात्र हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यांनी ते मांडीवर ठेवले, पर्सवर ठेवले, शेवटी पदरात गुंडाळले.

"पाहा काकू, काहीच कराव नाही लागत," पूनमसिंग म्हणाला.

"तेच तर," त्या म्हणाल्या.

मग पांढरी. ती जरा खडखडली, पण चढावर झपकन उचलली. शोभाताई सावरून बसल्या. थकलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला.

"दुसरा अडकत नाही ना?" त्यांनी विचारलं. "रिव्हर्सला दांडा वर उचलावा लागतो की नुसता दाबायचा?"

पूनमसिंगनं चमकून पाहिलं. "तुमी गाडी चालवता काय, काकू?"

"छे! लायसनसुद्धा नाही माझ्याकडे."

"मंग कायले गिअरच्या मागं लागता? मले तर वाटते, सायेबाचे गुडघे दुखत असन तर लालच बरी."

"पाय ठणठणीत आहेत माझे," मागून आवाज आला.

अंगणात परतल्यावर शोभाताईंनी वकिलालाही सुचले नसते असे मुद्दे काढले. लाल बिघडली तर आर्णीचा मिस्त्री हात लावणार नाही. पांढरीची डिकी मोठी आहे, ॲव्हरेज चांगलं आहे. शेवटी मुद्दे संपले.

"आणि गिअरच्या गाडीत मजा असते," त्या म्हणाल्या.

"मजा?" नरहर वकिलांनी त्यांच्याकडे बघितलं. "थकली नाहीस अजून?"

"थकले. खूप थकले. पण मला पांढरीच हवी."

"आभाला काय सांगायचं?"

"बाळाला घेऊन तीच येईल चार दिवस. आणि कामाला बाई मिळते नागपुरात."

नरहर वकील पांढरीभोवती एक चक्कर मारून आले. मग त्यांनी पूनमसिंगकडे पांढरीची किल्ली मागितली.

व्यवहार पार पडला. रुक्माबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं. पूनमसिंग फाटक उघडायला गेला. नरहर वकील स्टिअरिंगमागे बसले, शोभाताई त्यांच्या शेजारी.

त्यांनी वकिलांचा डावा हात कोटाच्या खिशातून अलगद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. तीन वर्षांपूर्वीच्या अपघातापासून त्या हातात जीव नव्हता.

नरहर वकिलांनी उजव्या हातानं स्टिअरिंग धरलं, पायानं क्लच दाबला आणि म्हणाले, "पहिला."

शोभाताईंनी पहिला गिअर टाकला.