माय आत गेली

या बाप्पाहो, जवळ सरका. पूर्वरंग आज गाळतो, सरळ आख्यानालाच हात घालतो. आख्यान एका सिनेमावाल्याचं आहे, पण ऐकाल तर गोडच लागेल.

साल साठ-एकसष्टचं. पुसदकडच्या एका खेड्यात देवराव आपल्या सिनेमाचा शेवट घेत होते. कॅमेऱ्यात फिल्म उरली होती दीड मिनिटाची, अन् दुसरी मिळायची नव्हती. सात वर्षांनी लेक घरी येतो, माय त्याला पोटाशी धरून रडते, एवढंच घ्यायचं होतं. लेक झालेला घनश्याम अमरावतीचा नट. माय मात्र ज्या घरात शूटिंग चाललं होतं त्याच घरची, तुळसाबाई. तिनं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता.

"मावशी, पोरगं दारात आलं का त्याले पोटाशी धरा अन् रडा. बाकी काही करू नका," देवराव म्हणाले.

"रडायले काय लागते बापू," ती म्हणाली. "ते तर आमाले सांगा लागत नाही."

कॅमेरा घरघरू लागला. घनश्याम उंबऱ्यापाशी आला. तुळसाबाईनं त्याला डोळे भरून पाहिलं, हात वर करून तिथंच थोपवलं, आणि आत निघून गेली.

दार रिकामं. घनश्याम बाहेर गोंधळून उभा. फिल्म पळतच होती.

"गेली म्हातारी. बंद करतो भाऊ," कॅमेरावाला हिरासिंग पुटपुटला. त्याचा हात बटणाकडे गेला. देवरावांनी तो हलकेच धरला, आणि धरूनच ठेवला.

आत टोपल्यावरचं झाकण वाजलं. मग पाणी ओतल्याचा आवाज.

ती आली ती भाकरीचा तुकडा अन् पाण्याचा तांब्या घेऊन. तुकडा तिनं घनश्यामवरून तीनदा ओवाळला, दूर फेकला. पाणी ओवाळून टाकलं. ओलं बोट त्याच्या दोन्ही डोळ्यांना लावलं. घनश्याम मुरलेला नट, पण त्याचीच मान खाली गेली.

तेवढ्यात फिल्म संपली.

"रडणं राह्यलंच," हिरासिंग म्हणाला.

तुळसाबाई ओशाळली. "चुकलं का बापू माह्यं? पण इतक्या सालानं आलेल्या लेकराले ओवाळून टाकल्याबिगर घरात कसं घेऊ?"

"तुमचं नाही मावशी. मीच चुकीचं सांगतलं होतं."

"अर्धा वेळ नुसतं दार दिसते भाऊ," हिरासिंग कुरकुरला. "लोक म्हणतीन, मशीन बिघडली."

"ज्याले माय आहे," देवराव म्हणाले, "त्याले समजते, माय आत कायले गेली."

तर बाप्पाहो, कधी परगावाहून घरी आलात अन् उंबऱ्यावर थांबावं लागलं, तर आवाज देऊ नका. तेवढा वेळ आमच्या तुळसाबाईला आठवा.