मधला सात

छापखान्यात मोठमोठ्या मूळ संख्यांच्या पुस्तकाचं प्रूफ तपासायला आलं होतं. आत्या आणि तिची भाची पाळीपाळीनं एकेक अंक मोठ्यानं वाचत आणि आपापल्या अंकाखाली खूण करत. आत्याची खूण लाल, भाचीची निळी.

शेवटची संख्या एकसष्ट अंकांची होती. "एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानंही भाग जात नाही," आत्या म्हणाली. "माझ्यासारखीच. कुणाला दाद देत नाही."

सुरुवात आत्यानं केली, म्हणजे शेवटचा अंकही तिच्याच वाट्याला यायला हवा होता. तो भाचीकडे आला. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच.

मग त्यांनी खुणा मोजल्या. तीस लाल, तीस निळ्या. बरोबर मधल्या सातखाली काहीच नव्हतं.

"हा तू वाचलास ना?"

"नाही गं आत्या. मला वाटलं, तू."

तिसऱ्यांदा त्या सातपर्यंत आल्या, तेव्हा दोघींनीही एकमेकींकडे बघत ओठ घट्ट मिटून घेतले.

"सात," कुणीतरी सवयीच्या आवाजात म्हणालं, आणि आत्याच्या पाळीची वाट बघत थांबलं.