पूजेतली दुर्बीण

आंघोळ करून संयोगिता देवघरापुढे आली आणि जागीच थबकली. पाटावर विळा, कोयता, खुरपी, ट्रॅक्टरची किल्ली, आणि त्याच रांगेत तिची दुर्बीण. झाकण काढलेली. पुढच्या काचेवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, हे कुंडलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुर्बीण हत्यारांत कधी जमा झाली, हे मात्र संयोगिताला ठाऊक नव्हतं. तिची आई, मनुबाई, आजवर त्या दुर्बिणीला नळकांडंच म्हणत आली होती. लेक पलूसच्या कॉलेजात शिकवते ते काम. रात्री गच्चीवर बसून आभाळाचे फोटो काढते तो नाद.

या नादापायीच आठवडाभर मायलेकींची धुसफूस चालली होती. संयोगिताला मैत्रिणीबरोबर जतच्या उजाड माळावर जाऊन देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायचा होता. रात्रभर एकाच जागेचे फोटो घ्यायचे, ते एकावर एक बसवायचे, तेव्हा कुठे ती नीट उमटते. पावसानं आभाळ धुऊन निघालेलं, देवयानी डोक्यावर. हवी फक्त अमावास्येची काळोखी रात्र, आणि येणारी अमावास्या नेमकी लक्ष्मीपूजनाची. लक्ष्मी घरात यायच्या वेळी घरची लेक उंबऱ्याबाहेर जाणार नाही, असा मनुबाईनं एका वाक्यात निकाल लावला होता.

आता काचच गेली की भांडणच मिटलं, आईनं हे मुद्दाम तर केलं नाही ना, असं मनात आलं आणि संयोगिताचा राग मस्तकात गेला. काचेवर टिकावं म्हणून आईनं कुंकू तेलात कालवलं होतं. पुसून टाकू की, म्हणत वडील, नाथाजी, खांद्यावरचा पंचा घेऊन पुढे झाले. तिनं त्यांचा हात धरला. कुंकवाचे कण घासले तर काचेवर ओरखडे पडतील आणि ते कधीच निघणार नाहीत, एवढं तिनं कसंबसं सांगितलं. साफ करायला दुर्बीण उचलायला हवी होती, आणि पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, ही घरची रीत. तोवर तेल कडेच्या फटीतून आत उतरलं असतं.

"काचंवरच कशाला लावलंस, आई?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

मनुबाई निरांजनाची वात सारखी करत होती. "खुरप्याच्या पात्याला लावतो, कोयत्याच्या धारंला लावतो. ज्यानं काम हुतं तिथं लावायचं. तुझं काम काचंनं हुतं न्हवं?"

'तुझं काम' हे शब्द संयोगिता आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती. राग कुठल्या कुठे गेला. डोळे मात्र भरून आले.

मनुबाईला वाटलं, लेक काचेसाठी रडते. "लय खराब हुईल व्हय गं?"

"व्हय," संयोगिता म्हणाली. तिला खोटं बोलवेना.

मनुबाई देवाकडं बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिनं पूजेतली सुईसुद्धा हलवली नव्हती. मग तिनं पाटाला हात लावून नमस्कार केला, दोन्ही हातांनी दुर्बीण उचलली आणि मांडी घालून ती मांडीवर आडवी घेतली. 

संयोगितानं आधी हवा मारायचा रबरी फुगा दाबून सुटे कण उडवले. मग काच पुसायच्या औषधात भिजवलेला मऊ कागद काचेवर न घासता नुसता टेकवत राहिली. कागदांमागून कागद लाल झाले. मनुबाईनं तोवर दुर्बीण हलू दिली नाही. शेवटी कडेला जराशी पिवळसर छटा राहिली. ती फोटोत दिसणार नाही, असं संयोगितानं आईला सांगितलं.

मनुबाईनं झाकण घेतलं आणि नीट दाबून बसवलं.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "औंदा लक्ष्मीपूजन दिस असतानाच उरकू. हिला अंधार पडायच्या आत जतला पोचाय पायजे."